लॅमिनेटेड इंजिनिअर

कॉम्प्युटर बंद पडला की दुकानात फोन करायचा. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘इंजिनिअर पाठवतो.’’

खऱ्या इंजिनिअरला पदवीसाठी चार वर्षं घासावी लागतात. इथे पाठीवर सॅक आणि खिशात स्क्रूड्रायव्हर आला की पदवी मिळते.

बरं, फोन कोणी केलेला असतो? बऱ्याचदा चार वर्षं घासलेल्यानेच.

तर हा सॅकवाला इंजिनिअर तयार कसा होतो, आणि त्याला सर्टिफिकेट लागतं का, हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत जेवणाच्या ताटावर चर्चेला आहे. बारावीला मार्क बेताचे पडलेत. चिरंजीव मोबाइल उघडतात आणि परत जोडतात. एखादा स्क्रू उरतो, पण जोडतात. मावशी म्हणाली, ‘‘हात चांगला आहे पोराचा.’’ मग हार्डवेअरचा कोर्स लावायचा, की सरळ एखाद्या दुकानात उमेदवारीला बसवायचा?

सल्ला द्यायला अख्खी सोसायटी तयार असते. त्यातल्या एकानेही मदरबोर्ड उलटा करून पाहिलेला नसतो.

आधी कायद्याचं बघू, कारण ते चटकन संपतं. घरातलं वायरिंग करणाऱ्या वायरमनला सरकारी परवाना लागतो. रिक्षा चालवायला लायसन लागतं, वर बॅज लागतो. आणि ज्या डब्यात तुमचं बँकेचं खातं, इन्कम टॅक्सचा पासवर्ड, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि धाकट्याचं न दाखवण्यासारखं बरंच काही आहे, तो डबा उघडायला काय लागतं?

स्क्रूड्रायव्हर.

इस्त्रीला शर्ट देताना आपण खिसे तपासतो. लॅपटॉप देताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वर चिकटवून देतो.

तेव्हा सर्टिफिकेट कायद्याने लागत नाही. आता कामाला लागतं का, ते बघा.

एक नमुना घ्या. एका काकांचा जुना डेस्कटॉप. तक्रार एवढीच की बँकेची साइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं लाल अक्षरांत येतं. इंजिनिअर आला, दोनदा माउस हलवला, म्हणाला व्हायरस. मशीन दुकानात गेलं. फॉरमॅट मारलं. परत आलं, काकांनी पैसे मोजले, संध्याकाळी साइट सुरू. सकाळी पुन्हा लाल अक्षरं.

पुन्हा दुकान. पुन्हा फॉरमॅट.

दोष कुठे होता? पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तारीख काही वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. तो संपत आला की रात्रभर वीज तुटल्यावर मशीन तारीख विसरतं. तारीख चुकली की साइटच्या सुरक्षेची मुदत ब्राउझरला जुळवता येत नाही आणि तो दार लावून घेतो. दुकानात मशीनची वीज दिवसभर चालू, म्हणून तिथे सगळं ठणठणीत. काका मात्र शिस्तीचे. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करणार म्हणजे करणार.

दुकानदार म्हणाला, ‘‘काका, आमच्याकडे तर चालत होतं.’’ आणि तो शंभर टक्के खरं बोलत होता.

वाचक म्हणतील, बघा, शिकलेला माणूस नसला की असं होतं. थांबा. त्या इंजिनिअरकडे सर्टिफिकेट होतं. लॅमिनेट केलेलं. काउंटरच्या मागे, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

आता दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील. बघा, कागदाला किंमत नाही! तुम्हीही थांबा. चुकलेली तारीख आणि वेळ हे लक्षण कोर्सच्या पुस्तकात छापलेलं असतं. अमेरिकेतल्या कॉम्पटिया या संस्थेची ‘ए प्लस’ नावाची परीक्षा १९९३ पासून तंत्रज्ञांसाठी चालते. तिच्या अभ्यासक्रमात हे लक्षण आहे. दोष शोधायच्या पायऱ्याही तिथे क्रमाने दिल्या आहेत. पहिली पायरी कोणती? ज्याचं मशीन आहे त्याला प्रश्न विचारा. काय होतं, कधीपासून होतं, त्याआधी काय बदललं.

आपल्याकडची पहिली पायरी, ‘‘ठेवून जा, बघतो.’’

म्हणजे पुस्तकात आहे, परीक्षेत आहे, भिंतीवर आहे. फक्त डोक्यात उतरलेलं नाही. का? कारण परीक्षेचा एकेक पेपर नव्वद मिनिटांचा, प्रश्न जास्तीत जास्त नव्वद, आणि ते प्रश्न कुठे मिळतात हे क्लासमधल्या शेवटच्या बाकावरच्यालाही माहीत असतं. त्याला ‘डम्प’ म्हणतात. पाठ करायचे, टिकमार्क करायचे, पास. गाइड वाचून बारावी झालेल्या पिढीला यात नवीन काय?

हा रोग आपलाच आहे असं समजू नका. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईचा जमाना आठवतो? पेपरात अर्ध्या पानाच्या जाहिराती, परदेशाची स्वप्नं, बापाचा प्रॉव्हिडंट फंड. तेव्हा अमेरिकेतच या परीक्षा घोकून पास झालेल्यांना ‘पेपर एमसीएसई’ असं नाव पडलं होतं. कागदावर सिस्टिम्स इंजिनिअर, सर्व्हरसमोर उभा केला की घामाघूम.

त्या एमसीएसईचं पुढे काय झालं? ३१ जानेवारी २०२१ ला मायक्रोसॉफ्टने ती बंद केली. प्रॉव्हिडंट फंड परत आल्याचं ऐकिवात नाही.

ए प्लसची गोष्ट याहून रंगतदार आहे. सुरुवातीला हे सर्टिफिकेट आजन्म होतं. एकदा पास, कायमचे पास. २०१० मध्ये संस्थेला साक्षात्कार झाला की ज्ञान शिळं होतं. तीन वर्षांनी नूतनीकरण करा, आणि जुन्यांनाही हा नियम लागू. जुन्यांनी असा काही आरडाओरडा केला की संस्थेला मागे यावं लागलं. ठरलं असं की २०११ च्या आधी पास झालेल्यांचं आजन्म, नंतरच्यांचं तीन वर्षांचं.

म्हणजे ज्याने फ्लॉपीच्या काळात परीक्षा दिली त्याचं ज्ञान अमर, आणि ज्याने परवा दिली त्याचं नाशवंत. तंत्रज्ञानाचा असा उलटा वेग दुसरीकडे दिसणार नाही.

मग अमेरिकेत लोक ही परीक्षा देतात तरी का? दोन पेपर आणि प्रत्येकाला अडीचशे डॉलरच्या वर फी. कारण साधं आहे. तिथल्या संरक्षण खात्याने २००५ मध्ये नियम काढला की आमच्या संगणकांना हात लावणाऱ्याकडे ठरावीक सर्टिफिकेटांपैकी एक पाहिजे, आणि अगदी खालच्या पायरीसाठी ए प्लस चालेल. एवढं मोठं गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर कागदाला भाव येणारच.

तुमच्या गल्लीत संरक्षण खातं राहतं का?

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेत मजुरी महाग आणि सुटे भाग स्वस्त. म्हणून तिथली परीक्षा शिकवते ती ‘बदला’ हीच विद्या. रॅम बदला, डिस्क बदला, पॉवर सप्लाय बदला, बोर्ड बदला. आपल्याकडे गणित उलटं. बोर्ड महाग, माणूस स्वस्त. म्हणून आपल्याकडे दुरुस्तीचे दोन वर्ग पडले आणि क्लासवाल्यांनी त्यांना नावंही दिली, कार्ड लेव्हल आणि चिप लेव्हल. कार्ड लेव्हलवाला भाग बदलतो. चिप लेव्हलवाला बोर्ड भिंगाखाली धरतो, सर्किटचा नकाशा उघडतो, मीटरच्या सुया टेकवत टेकवत कुठली लाइन शॉर्ट आहे ते शोधतो आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक कॅपॅसिटर उचलून दुसरा बसवतो.

दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एसपी रोड हे बाजार या दुसऱ्या विद्येचेही अड्डे आहेत. लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते नाव सांगून टॅक्सीने तिथे पोहोचून दाखवा.

या बाजारांतल्या पोटमाळ्यांवर बसलेल्या कारागिरांकडे कुठलं सर्टिफिकेट आहे? शिडी चढून विचारायला जा. मान वर न करता तो म्हणेल, ‘‘प्रॉब्लेम काय आहे ते बोला.’’

पहिली पायरी. न शिकता.

दोन हजारच्या दशकात खराब कॅपॅसिटरची साथ आली होती. जगभरचे मदरबोर्ड मरत होते, कारण त्यांवरचे उभे कॅपॅसिटर टोपी फुगवून फुटत होते. अधिकृत सेवा केंद्रं सांगत होती, बोर्ड गेला, नवीन घ्या. गल्लीतला माणूस फुगलेली टोपी नुसत्या डोळ्यांनी बघायचा, काही रुपयांचे कॅपॅसिटर डाग देऊन बसवायचा आणि मशीन पुढे चालायचं. अधिकृत कोण आणि जाणकार कोण, याचा निकाल तेव्हाच लागला होता. आपण तो वाचला नाही.

पण या पोटमाळ्याची आरती ओवाळायचंही कारण नाही. तिथेच चांगली रॅम काढून कमी जीबीची बसते. तिथेच ‘‘बोर्ड गेलाय’’ म्हणून सांगितलेला बोर्ड पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या मशीनमध्ये जिवंत होतो. तिथेच चोरीचं विंडोज ‘ओरिजिनलसारखं’ म्हणून मिळतं. आणि पावतीवर बारीक अक्षरांत एक ओळ असतेच, डेटा गेल्यास जबाबदारी आमची नाही.

मग जबाबदारी कोणाची? तुमची. पासवर्डची चिठ्ठी तुम्हीच चिकटवली होती.

खरं तर परीक्षा घ्यायचीच असेल तर ती या गोष्टीची घ्यायला हवी. गिऱ्हाइकाचा फोटोंचा फोल्डर उघडा पडलाय आणि दुकानात कोणी नाही. उमेदवार काय करेल? चार पर्याय द्या. बघू किती जण पास होतात.

आता घरच्या पर्यायांकडे या. सरकारी आयटीआयमध्ये दहावीनंतर कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. फी खासगी क्लासच्या मानाने किरकोळ, शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आणि पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली स्टायपेंड घेऊन एखाद्या कारखान्यात किंवा कार्यालयात शिकता येतं. सरकारी भरतीच्या जाहिरातीत हा कागद चालतो. खासगी क्लासची फी त्याच्या कितीतरी पट, आणि त्याचा कागद कुठे चालतो? त्याच क्लासच्या दुसऱ्या शाखेत, शिक्षक म्हणून.

तरी गर्दी कुठे? एसीवाल्या क्लासात. आयटीआयमध्ये गेलो तर लोक काय म्हणतील?

दुसरा एक घोळ घरोघरी आहे. ‘‘एमएस-सीआयटी झालंय ना तुझं, मग बघ की प्रिंटरला काय झालंय!’’ अहो, एमएस-सीआयटी ही २००१ पासूनची संगणक साक्षरता आहे. सरकारी नोकरीसाठी ती मागतात म्हणून लाखोंनी केली. साक्षर माणसाने छापखाना दुरुस्त करावा अशी अपेक्षा आपण एरवी करतो का?

भाचा मात्र सुटत नाही. दिवाळीला आला की फराळाआधी प्रिंटर.

प्रिंटरवरून आठवलं. परदेशी अभ्यासक्रमात लेझर प्रिंटरची अख्खी प्रक्रिया पाठ करायची असते आणि कार्ट्रिज संपलं तर बदला असा सल्ला असतो. आपल्याकडे कार्ट्रिज बदलत नाहीत. भरतात. भोक पाडून, पावडर ओतून, वर चिकटपट्टी लावून. कित्येक दुकानांचं भाडं या काळ्या पावडरीतून निघतं आणि उरलेलं सीसीटीव्ही बसवण्यातून. हार्डवेअर शिकायला निघालेल्या पोराला हे कोणी सांगत नाही की निम्मा वेळ शिडीवर जाणार आहे, वायर ओढण्यात.

आणि धंदा आक्रसतोही आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डागलेली असते. काही कंपन्यांची साठवणही तशीच. काहींचे स्क्रू पाच पाकळ्यांचे, म्हणजे साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद न देणारे. (तो पाच पाकळ्यांचा ड्रायव्हर लॅमिंग्टन रोडला फुटपाथवर मिळतो, ते सोडा.) केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचं पोर्टल सुरू केलं. हक्काचं पोर्टल झालं. डागलेली रॅम सुटी झाली का?

या बदलाचा अर्थ क्लासवाले सांगत नाहीत. भाग बदलायचेच नसतील, तर भाग बदलायला शिकवणाऱ्या कोर्सचं काम हळूहळू संपत जाणार. राहणार तो मीटरवाला, भिंगवाला, नकाशा वाचणारा. आणि ही विद्या तीन महिन्यांत येत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आधी ओहमचा नियम. मग मीटर. मग डाग द्यायला हात बसणं. तिथेच सहा महिने जातात आणि बोटं भाजतात.

दुसरं टोक सॉफ्टवेअरचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. ती नसलेली चांगली चालती मशीन्स एका तारखेत म्हातारी ठरली. गिऱ्हाईक विचारणार, काय करू? ‘‘नवीन घ्या’’ हे उत्तर द्यायला कुठलाच कोर्स लागत नाही. बायोसमध्ये ती सोय नुसती बंद पडून आहे का, हे आधी बघायला डोकं लागतं. काही मशीन्समध्ये ती असतेच. फक्त चालू करायची राहिलेली.

बघितलं तर ना.

आता निकाल. सर्टिफिकेट हे त्या माणसासाठी असतं ज्याला तुमचा हात बघायला वेळ नाही. मोठ्या कंपनीच्या एचआरला वेळ नाही. तिथे अर्जांच्या ढिगातून नाव वर यायला कागद लागतो. आखातात किंवा अमेरिकेत जायचंय, ब्रँडच्या अधिकृत केंद्रात लागायचंय, सरकारी भरती द्यायचीय, तर कागद घ्या. पण आधी त्या नोकरीची जाहिरात उघडा आणि कुठला कागद मागितलाय ते नावासकट वाचा. जो कुणी मागितलेलाच नाही तो कागद घेण्यात काय अर्थ?

स्वतःचं दुकान टाकायचंय? मग फीच्या पैशांत बरा मीटर, बरं सोल्डरिंग आयर्न आणि भंगारवाल्याकडून बंद पडलेले बोर्ड घ्या. रॅमचे पट्टे खोडरबराने घासून मशीन उठतं, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळेल. पॉवर सप्लायची हिरवी आणि काळी वायर जोडली की पंखा फिरतो, हे दुसऱ्या आठवड्यात. तो पॉवर सप्लाय उघडायचा मात्र नाही, कारण प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर झटका द्यायला टपलेले असतात. नंतर एखाद्या खडूस उस्तादाच्या दुकानात बसा. तो पहिले तीन महिने नुसती धूळ झाडायला लावेल. झाडा. कित्येक मशीन्स धुळीनेच तापून बंद पडतात, आणि हे तो तोंडाने सांगणार नाही.

आणि ‘मला दोन्ही जमेल’ असं वाटत असेल तर आयटीआय सकाळी आणि उस्ताद संध्याकाळी. पुस्तकातल्या पायऱ्या आणि हाताचं काम एकाच डोक्यात आलं, तर काकांचा सेल पहिल्याच फेरीत बदलला जाईल. असा माणूस सापडला तर मला नंबर द्या.

पालकांना एवढंच. क्लासमध्ये चौकशीला गेलात तर भिंतीवरचे ‘यशस्वी विद्यार्थी’ बघू नका. प्रयोगशाळा बघा. तिथली मशीन्स उघडलेली आहेत की कव्हर घालून झाकलेली, ते बघा. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ लेखी मागा. ‘गॅरंटी’चं ‘असिस्टन्स’ व्हायला टेबलाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंतचा वेळ लागतो.

आणि ‘‘सवलतीची शेवटची तारीख तीस आहे, आजच बुकिंग करा’’ असा फोन आला तर घाबरू नका. ती पुढच्या महिन्यातही तीसच असते. फेब्रुवारीत अठ्ठावीस.